नॅनोव्हीएनए-एच४: मल्टिमीटरनंतर घ्यायचं यंत्र

"मॅडम, मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग आयर्न आहे, आता ऑसिलोस्कोप कुठला घेऊ?" रेडिओ सेट स्वतः बांधायला घेणारी मुलं हमखास हे विचारतात. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, हॅम म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाली आहे, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: स्कोप नंतर घे, आधी नॅनोव्हीएनए, म्हणजे कॉइल, फिल्टर आणि अँटेना तपासणारं छोटं यंत्र घे. चार इंची पडद्याचं एच४ मॉडेल माझ्या टेबलावर कायम असतं.

कारण साधं आहे. ट्रान्झिस्टर, आयसी, रेझिस्टर कारखान्यातून तयार येतात. आपल्या हातून बनतात ती कॉइल, फिल्टर आणि अँटेना. सेट चालला नाही की दोष बहुधा इथेच सापडतो, आणि मल्टिमीटर कॉइलबद्दल फक्त एवढंच सांगतो की तार तुटलेली नाही. नॅनोव्हीएनए एका पोर्टातून बारीकसा सिग्नल सोडतं, त्यातला किती परत आला आणि किती पलीकडच्या पोर्टात पोचला ते मोजतं. मूळ खुलं डिझाइन जपानमधल्या एका हौशी अभियंत्याचं. २०१९ पासून ते स्वस्तात मिळू लागलं. त्याआधी असं काम बहुतेक प्रयोगशाळेतल्या लाखो रुपयांच्या यंत्रावर व्हायचं. आज साध्या स्मार्टफोनच्या किमतीत होतं.

आता कॉइल. टी५०-२ या लोखंडी भुकटीच्या लाल रिंगेवर २० वेढे घेतले तर हिशोबाने १.९६ मायक्रोहेन्री येतात. रिंगेच्या भोकातून तार एकदा गेली की एक वेढा, हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगावं लागतं. कॉइल पहिल्या पोर्टाला लावा, स्मिथ चार्ट (परत आलेला सिग्नल दाखवणारा गोल आलेख) उघडा, मार्कर ७.१ मेगाहर्ट्झवर आणा: इंडक्टन्सचा आकडा समोर. मग वेढे बोटाने जवळ सरकवा, आकडा वाढतो; फाकवा, कमी होतो. फळ्यावर तासभर शिकवून जे उमजत नाही ते इथे मिनिटभरात उमजतं. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून काढलेल्या पिवळ्या-पांढऱ्या रिंगाही जरूर मोजून बघा. रेडिओच्या कामाची टी५०-६ रिंग पिवळी असते म्हणून ही चालेल, असं पुष्कळांना वाटतं. ती २६ नंबरच्या मिश्रणाची, चोकसाठी, म्हणजे पॉवर सप्लायमधली खरखर अडवणाऱ्या कॉइलसाठी केलेली रिंग असते. आपल्या फ्रिक्वेन्सीला तिच्यातला तोटा चार्टवर लगेच दिसतो.

फिल्टरसाठी दोन्ही पोर्ट लागतात. ४० मीटर बँडच्या (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) ट्रान्समीटरचा लो-पास फिल्टर, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा, ७.१ ला जवळजवळ सगळं जाऊ देतो आणि १४.२ ला, म्हणजे दुसऱ्या हार्मोनिकला (दुप्पट फ्रिक्वेन्सीच्या नको असलेल्या सिग्नलला), अडवतो. तिथे आलेख ३० डेसिबल खाली उतरला तर हजारातला एक भाग पलीकडे जातो. मी त्याहून जास्त उतार मागते. सोल्डर केलेली पाटी सेटमध्ये बसवायच्या आधीच ही परीक्षा होते, आणि दुसऱ्याच्या बँडमध्ये आपली घाण जाणार नाही ही खात्री मला फार महत्त्वाची वाटते.

हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्ससारखा घरी बांधायचा रेडिओ सेट करायचा तर क्रिस्टल, म्हणजे एका ठराविक फ्रिक्वेन्सीला कंप पावणारे क्वार्ट्झचे तुकडे, निवडून घ्यावे लागतात. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, एकाच छापाचे मूठभर आणा, प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी थोडी वेगळी निघते. मोजण्याची रुंदी काही किलोहर्ट्झवर आणली की एच४ तो फरक दाखवतं. जवळजवळचे बाजूला काढून फिल्टर करायचा. यंत्राचे पोर्ट ५० ओहमचे आहेत. क्रिस्टल फिल्टरला दोन्ही टोकांना बहुधा त्याहून जास्त ओहम लागतात. मधे जुळणी न करता जोडलं की सपाट माथ्याऐवजी डोंगर-दऱ्या दिसतात, आणि पोरं चांगला फिल्टर मोडीत काढतात.

अँटेनाचं काम सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. २०.६ मीटरच्या डायपोलची, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन बाजूंच्या तारेच्या अँटेनाची, दरी (परत येणारा सिग्नल सर्वात कमी होतो ती जागा) ६.९ मेगाहर्ट्झवर दिसली आणि हवी ७.१ वर, तर प्रत्येक बाजूने साधारण २९ सेंटिमीटर कमी करायचे. तार कापू नका, आधी दुमडून बघा. दुपारच्या उन्हात गच्चीवर पडदा जेमतेम वाचता येतो, छत्री न्या.

काही गोष्टी बजावून सांगते. फ्रिक्वेन्सीची रेंज आधी ठरवा, मगच ओपन (उघडं), शॉर्ट (जोडलेलं), लोड (५० ओहम), थ्रू (दोन्ही पोर्ट एकमेकांना) हे कॅलिब्रेशन करा, आणि ते केबलच्या त्याच टोकाशी करा जिथे वस्तू जोडणार आहात. ट्रान्समीटर याला कधीही जोडू नका, एक वॅटसुद्धा नको. वळवाच्या दिवसांत लांब तारेवर स्थिर विद्युत साठते. जोडण्याआधी तार अर्थला टेकवा. ढग गडगडत असतील तर मोजणी दुसऱ्या दिवशी. ३०० मेगाहर्ट्झच्या वर यंत्र सिग्नलच्या हार्मोनिकवर चालतं, तिथे खोल दऱ्यांचे आकडे सैल धरा. वरची सरकती कळ नाजूक आहे, मी स्पर्शाने किंवा यूएसबीवरून कॉम्प्युटरनेच चालवते.

ट्रान्समीटर चालू असताना तो काय बाहेर टाकतो ते हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी टायनीएसए हा छोटा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर वेगळा घ्यावा लागतो. अँटेनाऐवजी जोडायचा डमी लोड मात्र विकत घेऊ नका: एक किलोओहम, दोन वॅटचे २० कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडा, ५० ओहम आणि ४० वॅट तयार. वायरवाउंड घेऊ नका, ते स्वतःच कॉइल असतात. हा लोड झाला की पहिल्यांदा नॅनोव्हीएनएलाच लावून बघा, ३० मेगाहर्ट्झपर्यंत रेघ किती सपाट राहते ते.

२.८ इंची मॉडेल स्वस्त आहे, मोजमापही नीट करतं. पण एका वर्गाला दाखवायचं असेल किंवा चष्मा लागला असेल तर चार इंचीच घ्या. त्यात एका फेरीत ४०१ बिंदू मिळतात, जुन्या छोट्यावर १०१. क्रिस्टलच्या वेळी हा फरक कळतो. बरोबर एसएमए (यंत्रावरचं बारीक पेचाचं सॉकेट) ते बीएनसी (फिरवून बसणारं मोठं कनेक्टर) अ‍ॅडाप्टरची जोडी मागवाच. यंत्राचे एसएमए सॉकेट रोज पिळून लवकर झिजतात, तेव्हा अ‍ॅडाप्टर एकदा बसवा आणि काढूच नका.