अॅम्बॅसिडरचं इंजिन बांधून आठ महिने: तेलाची गळती आणि सायलेन्सरचा खडखडाट

वडिलांची मार्क 4, बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या दारात मी शाळेत असल्यापासून उभी आहे, तिचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन मे महिन्यात बांधून घेतलं. उद्यमबागेत बोअरिंग, क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) ग्राइंडिंग एकदम मापात झालं, पिकअप आजही मस्त आहे. खरं दुसऱ्याच आठवड्यात गाडीखाली तेल दिसायला लागलं आणि महिन्याभरात ताटाएवढा डाग. वर सिग्नलला थांबलं की जळक्या तेलाचा वास.

फिटिंग केलेल्या गॅरेजवाल्यांनी सांगितलं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवायला लागणार. अहो, या इंजिनाला मागं रबरी सीलच नसतं! क्रँकवरच आटे पाडलेले असतात, ते तेल आत परत ढकलतात, आणि आत दाब साठला की त्यांचं काही चालत नाही. म्हणून गिअरबॉक्सला हात लावू दिला नाही, खानापूर रोडच्या एका वयस्कर मिस्त्रीमामांकडं नेली.

त्यांनी इंजिन डिझेलनं धुतलं, कोरडं केलं, अंगाला लावायची पावडर सगळीकडं मारली आणि पिरनवाडीपर्यंत चक्कर मारायला लावली. परत आल्यावर मी लगेच वाकलो तर म्हणाले, "स्वल्प तडीरी (कन्नडमध्ये 'जरा थांबा'), वरनं बघत खाली यायचं." बॅटरीच्या उजेडात दिसलं, मॅनिफोल्डच्या (धूर सायलेन्सरच्या पाईपकडं नेणाऱ्या भागाच्या) मागं टॅपेटची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांची) दोन साइड कव्हरं असतात ना, त्यातल्या मागच्या कव्हराखालनं पांढऱ्या पावडरीत बोटभर काळा ओघळ, तोच ब्लॉकच्या कडेनं मागं जाऊन बेलहाउसिंगवरनं (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या आवरणावरनं) ठिबकत होता आणि थोडा गरम पाईपवर पडत होता. मॅनिफोल्ड काढून बघितलं तर मधला बोल्ट इतका आवळलेला की पत्रा होडीसारखा वाकलाय, कॉर्कचं पॅकिंग चिरडलंय. पत्रा ठोकून सरळ केला, नवीन कॉर्क घातला, बोल्ट बेतानं आवळला. खरा दोषी मात्र पुढच्या कव्हरवरची ब्रीदरची नळी, इंजिनातला दाब बाहेर सोडणारी. काळ्या गाळानं गच्च भरलेली! एवढं इंजिन बांधलं आणि नळी साफ केली नाही याचा मला अजून राग येतो.

मॅनिफोल्ड निघालंच होतं म्हणून सायलेन्सरचंही बघितलं. इंजिनाखालची नवीन माउंटिंग रबरं घातल्यापासून चोर्ला घाट चढताना सेकंड गिअरमध्ये खडखड यायची, सपाट रस्त्यावर काही नाही. जोर पडला की इंजिन कलतं आणि पाईप खालच्या लोखंडाला लागतो, घासलेल्या जागी गंज जाऊन चकचकीत पट्टा पडला होता. मामांनी पाईप ठोकला नाही की कापला नाही, सगळे क्लॅम्प ढिले केले, पाईप आपल्या जागी बसू दिला आणि पुढनं मागं एकेक आवळत गेले. आता पाईप आणि लोखंडाच्या मधनं अख्खं बोट फिरतंय.

त्यानंतर भर पावसात कणकुंबीवरनं दोनदा गोव्याला जाऊन आलो, आवाज नाही, वास नाही. खाली पुठ्ठा ठेवतो, आठवड्याला दोन-चार थेंब पडतात, ते आट्यांचे, त्यासाठी मी काही उघडणार नाही. गिअरबॉक्सखालचं रबर तेवढं जुनंच आहे, ते शिमग्याआधी बदलून घेणार.