घरविक्रीची अडलेली बोलणी आणि एकपानी लेखी प्रस्ताव: काही महिने वापरल्यानंतर

जुना फ्लॅट विकताना भाव ठरतो, चहापाणी होतं, "आता पक्कं धरा" म्हणून माणसं जातात आणि मग फोन उचलेनाशी होतात. सिंहगड रस्त्यावरचा आईचा टू बीएचके विकायला काढला तेव्हा हे आमच्याही वाट्याला आलं. त्यानंतर मी एक पद्धत धरली: ज्याला घर घ्यायचं आहे, त्याने आपला प्रस्ताव एका पानावर लिहून द्यायचा. आईच्या घराचं खरेदीखत याच पद्धतीने झालं, पुढे मैत्रिणीच्या घरासाठीही ती वापरली. बोलणी भावावर अडतात असं सगळे धरून चालतात. माझा अनुभव असा की ती बहुतेक वेळा पैसा कुठून, कधी आणि कसा येणार यावर अडतात, आणि ते तोंडी बोलण्यात बाहेर येत नाही.

पानावर काय असतं ते सांगते. ठरलेली किंमत. त्यातले स्वतःचे किती, कर्जाचे किती, बँक कोणती, मंजुरीपत्र हातात आहे का. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे वेगळे काढून ठेवलेत का. साठेखत, म्हणजे विक्रीचा आधीचा करार, कधी, ताबा कधी, आणि हा प्रस्ताव कोणत्या तारखेपर्यंत लागू. किंमत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याला एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावचा आयकर, किमतीतून कापून सरकारकडे भरावा लागतो, तोही पानावरच लिहून घ्यायचा. आमच्या 80 लाखांत हे 80 हजार होते. शेवटच्या चेकच्या वेळी "हे कसले कापले?" असा वाद होऊन माणसं दुखावतात, तो टळतो. आमच्या बाजूने मागच्या पानावर कागदांची यादी: मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला), मंजूर नकाशाची प्रत, थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला, पार्किंग वाटपाचं पत्र. पार्किंगचं पत्र मुद्दाम सांगते. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली गाडीची जागा, स्वतंत्र विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच स्पष्ट केलं आहे. त्यामुळे "आमचं पार्किंग आहे" या बोलण्याला वजन नसतं, सोसायटीच्या पत्राला असतं.

आता खरी कसोटी लागली ती गोष्ट. चिंचवडचं एक तरुण जोडपं होतं, दोघंही नोकरी करणारे. घर मनापासून आवडलेलं. 80 लाखांवर ठरलं आणि पुढे सगळं थंड. एजंट म्हणाला, "मॅडम, दोन लाख सोडा, आजच टोकन घेऊन येतो." एजंटवर माझा राग नाही. व्यवहार व्हावा हीच त्याची धडपड, आणि त्याला दिसणारा सोपा मार्ग भाव उतरवण्याचा. पण घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे कळल्याशिवाय दोन लाख सोडायचे कशासाठी? मी त्या दोघांना घरी बोलावलं आणि पान पुढे ठेवलं. "काकू, आमचा भावाचा प्रश्न नाहीये खरं तर," असं ती मुलगी म्हणाली, आणि कर्जाच्या रकान्यात आकडा लिहिताना तिचा हात थांबला.

झालं होतं असं. तीस लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला बँक घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त 80 टक्के देऊ शकते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. त्यांनी 80 लाखांचे 80 टक्के म्हणून 64 लाख धरले होते. पण बँक मोजते ते तिच्या मूल्यांकनकाराने काढलेल्या मूल्यावर. इमारत जुनी, त्याने मूल्य काढलं 74 लाख, म्हणजे कर्ज 59 लाख 20 हजार. चार लाख 80 हजारांचा खड्डा. शिवाय पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे पाच लाख 60 हजार, वर नोंदणीचे 30 हजार, आणि हे बँक कर्जात धरत नाही. सांगायला संकोच वाटला म्हणून दोघं गप्प बसले होते. आपल्याकडे "पैसे कमी पडतात" म्हणण्यापेक्षा "घर महाग आहे" म्हणणं सोपं जातं, हे मी यानंतर अनेकदा पाहिलं.

कागदावर आकडा आला आणि त्याच संध्याकाळी तीन वाटा दिसल्या. पहिली, दुसऱ्या बँकेचं मूल्यांकन. पहिल्या मूल्यांकनकाराने क्षेत्रफळ जुन्या करारनाम्यावरून घेतलं होतं, बंद केलेली बाल्कनी धरलीच नव्हती. ती मंजूर नकाशात होती. दुसऱ्याला तो नकाशा आम्ही स्वतः दाखवला, मूल्य निघालं 77 लाख, कर्ज 61 लाख 60 हजार. दुसरी, खरेदी फक्त तिच्या नावावर. महाराष्ट्रात घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे इथे 80 हजार. नवरा मालक नसला तरी सहकर्जदार राहू शकतो, मात्र व्याजाची करसवलत त्याला मिळत नाही. हे त्यांनी आपल्या सीएकडून तपासून घेतलं. उरले एक लाख 60 हजार. त्यासाठी सासऱ्यांची ठेव थोड्याच दिवसांत मुदत पूर्ण करणार होती, म्हणून आम्ही साठेखतातली पैसे पूर्ण करण्याची तारीख पुढे नेली. किंमत 80 लाखच राहिली. आईने त्या मुलीला जाताना ओटी भरून पाठवलं.

सगळीकडे पान चाललं असं नाही. "थोडे रोखीत घ्या, भाव वाढवून देतो" म्हणणारे पानाला हातच लावत नाहीत. बरंच आहे. जून 2015 पासून घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर येतो. अशी बोलणी अडली तर अडू द्यावीत. दुसरे न भरणारे ते, ज्यांच्या घरचा निर्णय समोर बसलेल्याच्या हातात नसतो. मुलगा लिहून जातो आणि गावाकडून वडील "इतका कशाला?" म्हणतात. अशांना मी आता वडिलांना घेऊनच बोलावते आणि पान वडिलांपुढे ठेवते. आणि पितृपक्षात कुणावर घाई करू नये. लोक टोकन द्यायला धजत नाहीत, घटस्थापनेनंतर तीच माणसं स्वतः फोन करतात. त्या दिवसांत मी प्रस्तावाची मुदत दसऱ्यापर्यंत लिहून घेतली, काही बिघडलं नाही.

मैत्रिणीच्या घराचं प्रकरण वेगळं. घर तिच्या आणि अमेरिकेतल्या भावाच्या नावावर. घेणारे महिनाभर "बघतो, कळवतो" करत होते. पान भरताना समजलं की कुणीतरी त्यांना टीडीएसची भीती घातली होती. भीती अगदीच खोटी नव्हती. विकणारा अनिवासी असेल तर त्याच्या वाट्याला एक टक्क्याचा नियम लागत नाही, कापायचा कर बराच जास्त असतो, आणि चुकला तर जबाबदारी घेणाऱ्यावर येते. भावाने आयकर खात्याकडून कमी दराने कर कापण्याचं प्रमाणपत्र मागवलं, त्याला वेळ लागला, पण घेणारे थांबले. कशासाठी थांबतोय हे आता त्यांना माहीत होतं.

कायदेशीर बाजूने एवढं लक्षात ठेवा की हे पान म्हणजे विसारपावती, आगाऊ रक्कम घेऊन केलेला लेखी करार, नव्हे. त्यावर टोकन घेऊ नका. पैसा घ्यायची वेळ आली की वकिलाकडून विसारपावती करून घ्या, आणि व्यवहार मोडला तर कुणी कुणाला किती, किती दिवसांत परत करायचे हे तिच्यात स्पष्ट लिहा. घरावर तुमचं कर्ज असेल तर ते किती उरलंय हे बँकेच्या पत्रासकट पहिल्याच भेटीत दाखवा. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत देणं बँकेवर डिसेंबर 2023 पासून बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई. घेणाऱ्याला हे सांगितलं की त्याचा जीव भांड्यात पडतो.

ज्यांचं घर विक्रीला आहे आणि ज्यांना घाई आहे, त्यांना मी हे पान जरूर वापरायला सांगेन. माझ्या पानात पुढच्या वेळी एक ओळ वाढेल: बँकेचं मूल्यांकन झालं आहे का, आणि आकडा किती आला.