नऊ महिने, एक शेल्फ आणि एकही खुनी नाही

गेल्या गणपतीत डोक्यात आलं, की व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या न उलगडलेल्या खुनांवरची पुस्तकं जमवायची. कादंबऱ्या नकोत, खरं घडलेलं तेवढंच. आता नऊ महिने झाले. एकवीस पुस्तकं घेतली, त्यातली आठ विकून टाकली. त्या आठांतल्या चारांची गोष्ट आधी सांगतो.

सगळे जॅक द रिपरपासून, म्हणजे १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे खून करून कधीच न सापडलेल्या खुन्यापासून सुरू करतात, मीही केलं. ‘खुनी सापडला’ छापाची चार पुस्तकं वाचली, चौघांचे खुनी चार. एकात तर खुद्द राणीचे डॉक्टर, सर विल्यम गल. १८८८ साली हे गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे होते आणि आदल्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. व्हाइटचॅपलच्या बोळांतून रात्रीबेरात्री ते पळणार कसे, याला लेखकाकडे उत्तर नाही. या पुस्तकांची एक ठरलेली रीत आहे. आधी माणूस पकडायचा, मग पुरावा त्याच्या मापाचा शिवायचा.

रिपरवरचं एक पुस्तक मात्र ठेवलंय, हॅली रुबेनहोल्ड यांचं ‘द फाइव्ह’. त्यात खुनी जवळजवळ नाहीच, त्यानं मारलेल्या पाच बायका आहेत. त्यातल्या कॅथरीन एडोजच्या अंगावर सापडलेल्या वस्तूंची यादी मी दोनतीनदा वाचली: चहाचा डबा, साखरेचा डबा, साबणाचे तुकडे, चष्म्याचा तुकडा, एक लाल हातमोजा. अख्खा संसार अंगावर घेऊन फिरणारी बाई.

त्यानंतर मी कोर्टाच्या कागदांकडे वळलो आणि खरं वाचन तिथून सुरू झालं. ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टाचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे छापील वृत्तान्त इंटरनेटवर फुकट आहेत. एक खोच माहीत असू द्या: बऱ्याच ठिकाणी वकिलाचा प्रश्न छापलेलाच नसतो, नुसती उत्तरं सलग. प्रश्न आपणच ओळखायचा. सुरुवातीला वैताग येतो, महिनाभरात चटक लागते. दुसरी अडचण मोठी. खटलाच उभा राहिला नाही तर ओल्ड बेलीत काहीच नाही, म्हणून रिपर तिथे शोधू नका. स्कॉटलंडचे खटलेही नाहीत.

माझा सगळ्यात आवडता खटला अ‍ॅडलेड बार्टलेटचा, एप्रिल १८८६. १ जानेवारीला लंडनमधल्या पिमलिकोच्या भाड्याच्या घरात तिचा नवरा एडविन मेलेला सापडला, पोटात पातळ क्लोरोफॉर्म. घराशी सलगी असलेला डायसन नावाचा पाद्री तिच्या सांगण्यावरून वेगवेगळ्या दुकानांतून क्लोरोफॉर्म आणतो, ‘डाग काढायला हवंय’ म्हणतो आणि एडविन गेल्यावर बाटल्या वँड्सवर्थ कॉमनच्या माळावर फेकून देतो! पण सरकारी बाजू अडली ती घशापाशी. क्लोरोफॉर्म गिळलं तर घसा पोळायला हवा, इथे तशी खूण नाही. ज्यूरीनं ‘संशय दाट आहे, पण कुणी आणि कसं दिलं याचा पुरावा पुरेसा नाही’ असं म्हणून बाई सोडली. सर जेम्स पॅजेट या सर्जनचं म्हणणं प्रसिद्धच आहे: आता सुटलीच आहे, तर विज्ञानासाठी तरी तिनं हे कसं केलं ते सांगावं.

लंडनमधल्या बाल्हमच्या चार्ल्स ब्राव्होवर तीन पुस्तकं घेतली, एक पुरलं असतं. १८ एप्रिल १८७६ च्या रात्री हा तरुण बॅरिस्टर विषानं कोसळला, तीन दिवसांनी गेला. विष अँटिमनीचं, टार्टर एमेटिक. संशय चौघांवर: बायको फ्लॉरेन्स, तिची सोबतीण मिसेस कॉक्स, फ्लॉरेन्सचा आधीचा प्रियकर म्हातारा डॉ. गली, आणि घोड्यांना हेच औषध देणारा, नोकरी गेलेला कोचमन. मरणाऱ्याला तपासायला कोण आलं? आपले सर विल्यम गल! ‘काय घेतलंस?’ असं विचारलं, तर हा म्हणतो, दात दुखत होता म्हणून हिरड्यांना लॉडनम (अफूचा अर्क) चोळलं. पहिली चौकशी मृताच्याच घरात उरकली. गाजावाजा झाल्यावर दुसरी बेडफर्ड हॉटेलात झाली आणि खून ठरला, पण कुणावर ठेवावा इतका पुरावा नाही. कॉरोनर कोर्ट म्हणजे काय हे मुंबईच्या जुन्या माणसांना समजवावं लागत नाही, बाकीच्यांनी आधी एवढं समजून घ्या की ते संशयास्पद मृत्यू कसा झाला याची चौकशी करतं, नाहीतर हे प्रकरण डोक्यावरून जातं.

खर्चाचं थोडक्यात. विल्यम हॉज कंपनीची ‘नोटेबल ब्रिटिश ट्रायल्स’ ही गाजलेल्या खटल्यांच्या वृत्तान्तांची मालिका, १९०५ पासूनची, मूळ प्रत घ्यायला गेलात तर खिसा रिकामा होतो. जुने भाग इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात ते बघा. पुनर्मुद्रणाच्या नावाखाली मात्र काहीही विकतात. मला एका ऑनलाइन विक्रेत्यानं पाठवलेल्या पुस्तकात सोळा पानं गायब होती आणि एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. तक्रारीवर पैसे मिळाले, पानं नाहीत. मोबाईलवर या पीडीएफ वाचू नका, डोळे जातात. मी जुना टॅबलेट घेतला.

कुणी मागेल म्हणून सांगतो, रिपरची ती चार कुणाला देण्यासारखी नव्हती, तरी रद्दीवाल्याऐवजी एका मित्रानं निम्म्या किमतीत नेली. तो आता पाचवा खुनी शोधतोय.

सध्या हातात मॅडलिन स्मिथ आहे, ग्लासगो, १८५७. प्रियकराला आर्सेनिक दिल्याचा आरोप, निकाल ‘सिद्ध झाले नाही’, म्हणजे सुटका. तिच्या बऱ्याच पत्रांवर नीट तारीखच नाही. कोर्टाला पाकिटांवरच्या पोस्टाच्या शिक्क्यांवरून क्रम लावावा लागला, आणि कुठलं पत्र कुठल्या पाकिटातलं, यावरच भांडण. मी वहीत दोन रकाने आखून क्रम लावत बसलोय. मार्चपर्यंत पोचलो, तिथे अडकलोय.