बिटएक्स-४०: सूर्य झोपलेला असताना सात वॅटवर काय काय जमलं

डिसेंबर २०१९ ला सोलर मिनिमम होतं, म्हणजे सूर्य सगळ्यात शांत, सूर्यावर डागच नाहीत, त्यामुळे रेडिओचे १० आणि १५ मीटर बँड (लहरींच्या लांबीवरून पडलेले पट्टे) बहुतेक वेळ मेलेले, आणि नेमका तेव्हाच मी हा हैदराबादचा बिटएक्स-४०, म्हणजे हॅम (हौशी) रेडिओवर बोलायचा-ऐकायचा छोटा सेट, किट म्हणून घेतला. सगळे म्हणाले की अरे आत्ता कशाला. पण हा सेट ४० मीटर बँडवर चालतो, आणि त्याला मिनिममचा तेवढा फटका बसत नाही हो! पॉवर साधारण ७ वॅट, फक्त एसएसबी (आवाज पाठवायची एक पद्धत), जुन्या यूपीएसच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालतो, गच्चीवर इनव्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्ही आकाराचा अँटेना, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर वायर, बस.

सकाळी साताऱ्याहून पुणे, कोल्हापूर आरामात. १०० वॅटवाल्यापेक्षा आपण जेमतेम दोन एस युनिट (सिग्नलची ताकद मोजायचं माप) खाली असतो, समोरच्याकडे नॉइज कमी असला तर त्याला फरक कळतही नाही. संध्याकाळनंतर मात्र गंमत, जवळचं पुणं गायब आणि लांबची स्टेशनं कानाशी, कारण वातावरणातला रेडिओ लहरी परत वळवणारा वरचा एफ-टू थर विरळ होतो, सरळ वर गेलेला सिग्नल परत येतच नाही. तेव्हा जवळच्यांशी बोलायचं तर सकाळीच बसा.

एकदा लोकल दुकानातल्या कनेक्टरचं सोल्डर सुटलं, दोन दिवस मी बँडलाच दोष देत बसलो, म्हणून आधी एसडब्ल्यूआर मीटर घ्या, अँटेनाकडे पॉवर नीट जाते की परत येते ते त्यावर दिसतं.

बोर्ड उघडा असतो, प्रत्येक पार्ट बोट ठेवून समजून घेता येतो, मला तर हेच सगळ्यात आवडलं. हॅम रेडिओचं लायसन्स असेल आणि कुठे मिळाला तर डोळे झाकून घ्या.