तारण विश्वासानं की सत्कर्मांनी? निर्णय घेण्याआधी दोन्ही बाजू

ख्रिस्ती विश्वासाकडे गांभीर्यानं वळणाऱ्या माणसाला एक प्रश्न फार लवकर गाठतो. माझं तारण, म्हणजे पापापासून सुटका, येशूवर विश्वास ठेवल्यानं होणार, की चांगलं जगल्यानं? एका मंडळीत "केवळ विश्वासानं" हे शब्द सतत कानावर पडतात. दुसरीकडे संस्कार, पापनिवेदन, उपास, दानधर्म यांवर भर दिसतो. बाप्तिस्मा कुठे घ्यायचा, मुलांना कोणत्या शिकवणीत वाढवायचं, हे ठरवायचं असेल तर दोहोंतला फरक नेमका ठाऊक हवा. तो बहुतेकदा चुकीचा सांगितला जातो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

"प्रॉटेस्टंट विश्वासानं तरतात आणि कॅथलिक कर्मांनी" ही सर्रास केली जाणारी वाटणी खोटी आहे. देवाच्या कृपेवाचून, स्वतःच्या बळावर सत्कर्मं करून माणूस तारण मिळवू शकतो, असं कोणतीही जुनी मंडळी शिकवत नाही. आदामाच्या पापानं माणसाची इच्छाशक्ती दुबळी झालेली नाही, मनात आणलं तर तो आज्ञा पाळू शकतो, अशा मताशी पेलागियस या प्राचीन ख्रिस्ती शिक्षकाचं नाव जोडलेलं आहे. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लिहीत राहिला आणि ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेनं ही शिकवण फेटाळली. ५२९ साली ऑरेंजच्या सभेनं आणखी पुढे जाऊन सांगितलं की विश्वासाची पहिली हालचालसुद्धा कृपेमुळेच होते. प्रॉटेस्टंटांना उत्तर द्यायला भरलेल्या ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेनं १५४७ मध्ये नीतिमान ठरण्याविषयी, म्हणजे देवापुढे निर्दोष ठरण्याविषयी, जे नियम केले, त्यांतला पहिलाच नियम कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येतं असं म्हणणाऱ्याला शापित ठरवतो.

थोडक्यात, कृपा आधी, यावर दोघांचंही एकमत आहे. वाद पुढचा आहे: कृपेनं हात धरल्यावर माणसाच्या कर्मांना जागा कुठली?

केवळ विश्वास म्हणणाऱ्यांचं म्हणणं

हे म्हणणं समजून घ्यायचं तर प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या जर्मन मार्टिन ल्यूथरच्या मनाची अवस्था पाहावी. १५०५ मध्ये तो एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात शिरला. उपास, जागरणं, प्रार्थना यांत त्यानं काही कमी ठेवलं नाही. आपले वरिष्ठ श्टाउपिट्झ यांच्यापुढे तो तासन्‌तास पापनिवेदन करी, आणि तरीही काही सांगायचं राहिलं तर नाही ना, ही धास्ती त्याला सोडत नसे. आपण पुरेसं केलं का, या प्रश्नाला तळच नव्हता. नव्या करारातलं प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र वाचताना त्याला उमगलं की देव ज्या नीतिमत्त्वाविषयी बोलतो ते माणसाकडून मागितलेलं नसून माणसाला दिलेलं आहे.

या बाजूचं सारं इथेच आहे. नीतिमान ठरणं म्हणजे न्यायाधीशानं दिलेला निकाल. आरोपी खरोखर दोषी आहे, पण ख्रिस्ताचं नीतिमत्त्व त्याचं म्हणून गणलं जातं. विश्वास म्हणजे ते घ्यायला पुढे केलेला रिकामा हात. नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून माणूस विश्वासानं नीतिमान ठरतो, हे पौलाचं रोम ३:२८ मधलं वाक्य या बाजूचा कणा. इफिस २:८-९ मध्ये तर तो सरळ सांगतो की हे देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही, म्हणजे कुणी बढाई मारू नये.

आणि मग वधस्तंभावरचा तो गुन्हेगार. लूक २३ मध्ये मरायला टेकलेला हा माणूस येशूला एवढंच म्हणतो की तुझ्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर. त्याचे हातपाय खिळलेले आहेत. कुणाचं चोरलेलं परत करायला, कुणाची क्षमा मागायला, बाप्तिस्मा घ्यायला त्याच्याकडे वेळ उरलेला नाही. त्याला उत्तर मिळतं: आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. या प्रसंगावर ज्या शिकवणीला काही सांगता येत नाही, ती मला पुरी वाटत नाही.

सत्कर्मांना तारणात जागा देणाऱ्यांचं म्हणणं

दुसऱ्या बाजूचा पहिला साक्षीदार याकोब, नव्या करारातल्या एका पत्राचा लेखक. अंगावर कपडा नाही, दिवसाचं अन्न नाही, असा भाऊ किंवा बहीण दारात उभी आहे, आणि तुमच्यातला कुणी म्हणतो, "सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर जेवा", पण देत काहीच नाही. याचा उपयोग काय, असं तो विचारतो. एक देव आहे असा विश्वास तर भुतांचाही आहे, आणि ती थरथर कापतात. दुसऱ्या अध्यायाच्या २४व्या वचनात तो म्हणतो की माणूस केवळ विश्वासानं नव्हे तर क्रियांनी नीतिमान ठरतो. "केवळ विश्वास" ही जोडी नव्या करारात याच एका ठिकाणी येते, आणि तीही नकारासह. पहिल्या बाजूच्या माणसानं हे मान खाली घालून मान्य केलं पाहिजे.

कॅथलिक शिकवणीत नीतिमान ठरणं हा नुसता निकाल नाही. पापक्षमा होते आणि त्याबरोबर माणूस आतून खरोखर नवा होतो. हे नवेपण वाढू शकतं, आणि सत्कर्मांनी ते वाढतं. गंभीर पापानं ही कृपा गमावता येते आणि पापनिवेदनाच्या संस्कारातून परत मिळते. कृपेत राहून केलेल्या कर्मांना पुण्यही लाभतं, पण ट्रेंटच्या शिकवणीप्रमाणे ते पुण्यसुद्धा देवाचीच देणगी आहे. इतका बारकावा लक्षात न घेता या बाजूला "कर्मठ" म्हणणं हा अन्याय आहे.

ऑर्थोडॉक्स मंडळ्या या भांडणात फारशा पडल्याच नाहीत. त्यांच्या दृष्टीनं तारण म्हणजे देवाच्या जीवनात हळूहळू सहभागी होत जाणं, आणि त्यात कृपा व माणसाचा प्रयत्न हातात हात घालून चालतात. न्यायालयाची भाषा तिथे कमीच ऐकू येते.

अब्राहाम: एकच माणूस, दोन्ही बाजूंचा साक्षीदार

पौल आणि याकोब दोघेही आपल्या म्हणण्याला अब्राहामाचाच दाखला देतात. इथे जरा थांबायला हवं, कारण उत्तर इथेच सापडतं असं मला वाटतं.

पौल रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात बायबलच्या पहिल्या पुस्तकातला उत्पत्ती १५ उघडतो. रात्र आहे, देव म्हाताऱ्या, निपुत्रिक अब्राहामाला बाहेर नेऊन तारे मोजायला सांगतो, तुझी संतती अशी होईल म्हणतो. अब्राहाम विश्वास ठेवतो आणि ते त्याचं नीतिमत्त्व म्हणून गणलं जातं. पौल विचारतो, हे केव्हा घडलं? सुंतेच्या आधी. सुंता येते उत्पत्ती १७ मध्ये, इसहाकाचा जन्म त्याच्याही नंतर.

याकोब उत्पत्ती २२ उघडतो. अब्राहामाचा मुलगा इसहाक मोठा झाला आहे, देवाच्या आज्ञेवरून त्याचाच बळी द्यायला बाप विस्तव आणि सुरी घेऊन, लाकडं मुलाच्या पाठीवर देऊन डोंगर चढतो आहे. त्या कृतीनं अब्राहाम नीतिमान ठरला, असं याकोब म्हणतो, आणि पुढे लिहितो की अशा रीतीनं उत्पत्ती १५ मधलं ते वचन पूर्ण झालं.

दोघांच्या डोळ्यांसमोरची माणसं वेगळी आहेत. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घेतल्याशिवाय ते देवाचे होणार नाहीत, असा आग्रह धरणाऱ्यांशी पौल झगडतो आहे. याकोबासमोर तोंडानं विश्वास सांगून गरिबाकडे पाठ फिरवणारे बसले आहेत. पौल विचारतो, देवाशी नातं जुळतं कशानं? याकोब विचारतो, ते जुळलं आहे हे दिसतं कशावरून? पौलाचंही याकोबाशी वाकडं नाही. इफिस २:१० मध्ये तो लगेच सांगतो की आपण सत्कर्मांसाठी निर्माण झालो आहोत, आणि गलती ५:६ मध्ये प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाविषयी बोलतो.

ल्यूथरनं १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं. तो शेरा पुढच्या आवृत्त्यांतून गेला, ते बरंच झालं. त्याच वर्षी रोमकरांस पत्राला लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यानंच म्हटलं होतं की विश्वास ही जिवंत, कामसू गोष्ट आहे, चांगलं केल्यावाचून ती राहूच शकत नाही.

फरक प्रत्यक्षात कुठे जाणवतो

खात्रीच्या बाबतीत. आज रात्री मेलो तर माझं काय, याचं उत्तर पहिली बाजू ठामपणे देते, कारण ते ख्रिस्तानं केलेल्या गोष्टीवर टेकलेलं आहे. ट्रेंटनं या ठामपणाला लगाम घातला: देवाच्या दयेविषयी शंका नको, पण आपण कृपेत आहोत हे विश्वासाच्या अचूक खात्रीनं कुणालाही सांगता येत नाही. मनानं हळव्या, स्वतःला सतत दोष देणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. मरणाच्या बिछान्यावर तर आणखी मोठा.

पण खात्रीचं निबर समाधान व्हायला वेळ लागत नाही. "माझं तारण झालंय" म्हणत घरच्यांशी वर्षानुवर्षं कठोर वागणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना कुणी याकोबाचा दुसरा अध्याय वाचून दाखवत नाही याचं मला दुःख होतं. मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली यानं १७३८ मध्ये केवळ ख्रिस्तावरच्या भरवशाची खात्री अनुभवली, आणि तरीही जन्मभर पवित्र जीवनावर इतका जोर दिला, तो याच भीतीनं.

मत्तय २५ मधला न्यायाचा प्रसंग सत्कर्मांच्या बाजूनं हमखास सांगितला जातो. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, बंदिवानाची भेट, यांवर निवाडा. पण उजवीकडे उभे केलेले, म्हणजे स्वीकारले गेलेले लोक काय म्हणतात ते पाहा: प्रभू, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिला? त्यांनी हिशोबच ठेवलेला नाही. राज्य त्यांना वारसा म्हणून मिळतं. माझा कल विश्वासाच्या बाजूला आहे तो यामुळेच. माझ्या तारणात भर पडावी म्हणून मी कुणाला जेवू घातलं, तर माझी नजर माझ्यावर असते, त्या भुकेल्यावर नसते. निकाल आधीच लागला असेल तरच मी त्याच्याकडे मोकळेपणानं पाहू शकतो.

दोन्ही बाजूंमधलं अंतर आता पूर्वीइतकं राहिलेलं नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथे लुथेरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासानं देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी सज्ज करतो, असं दोघांनी मिळून म्हटलं. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्या त्यात सामील झाल्या. पुण्य, शुद्धिस्थळ (मरणानंतर शुद्ध होण्याची अवस्था), संस्कार यांवरचे मतभेद मात्र मिटलेले नाहीत.

ठरवताना

अपराधीपणानं पिचून गेला असाल, कितीही केलं तरी कमीच वाटत असेल, तर जिथे ख्रिस्तानं पुरं केलेलं काम सतत सांगितलं जातं तिथे जा. विश्वास तोंडीच उरला आहे, शिस्त हवी, पाप नावानिशी कबूल करून पुन्हा उभं राहण्याची ठरलेली वाट हवी, असं वाटत असेल तर कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स जीवनक्रम तुम्हाला खूप काही देईल. पण नुसत्या गरजेवर ठरवू नका, काय खरं वाटतं तेही तपासा. रोम ३ ते ५, गलतीकरांस पत्र आणि याकोब २ एका बैठकीत वाचा.

मग पाळकांना किंवा फादरना भेटून तीन गोष्टी विचारा. माझ्या हातून उद्या मोठं पाप घडलं तर तुम्ही मला काय सांगाल? मरायला टेकलेल्या, आयुष्यभर वाईट वागलेल्या माणसाच्या उशाशी काय बोलाल? आणि दारात उपाशी माणूस आला तर तुमच्या मंडळीत कोण उठतं? तिन्हींची उत्तरं ऐका, आणि एकाचंही टाळलं गेलं तर पुन्हा विचारा.