एमएक्स-४, थंडी ते मे : पेस्ट चांगलीच आहे, पण आधी खोलीचं तापमान मोजा

मशीन एएमडीच्या रायझन ५ ५६०० प्रोसेसरचं, कूलर प्रोसेसरच्या डब्यातलाच रेथ स्टेल्थ, जागा ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा फ्लॅट, पीसीच्या खोलीत एसी नाही. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरमध्ये नीट जावी म्हणून दोघांमध्ये लावायचा लेप, आर्क्टिक कंपनीची एमएक्स-४, ४ ग्रॅमची सिरिंज.

पेस्ट विकत घ्यावी लागली ती एका सर्व्हिसवाल्याच्या कृपेने. बिलावर ‘थर्मल पेस्ट बदलली’ असं लिहून पैसे घेतले आणि कूलर उघडला तर आत पांढरं हीटसिंक कंपाउंड. म्हणजे सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइड. जाब विचारला तर म्हणे, ‘साहेब, सगळं सारखंच असतं.’ नसतं. ॲम्प्लिफायरच्या आयसीला किंवा पॉवर ट्रान्झिस्टरला ते कंपाउंड छान चालतं. प्रोसेसरमध्ये मात्र नखाएवढ्या चिपमधून ७५-७६ वॅट बाहेर पडायचे असतात, तिथे ते तोकडं पडतं. वर त्याने स्क्रूही एका बाजूने आवळले होते, त्यामुळे थर एका कोपऱ्यात जाड आणि दुसऱ्या कोपऱ्यात जवळजवळ नाहीच.

आता मुद्दा, जो परीक्षणांत कुणी धड सांगत नाही. यूट्यूबवरचे आकडे एसी लावलेल्या खोलीतले असतात. आपल्याकडे मे महिन्यात रात्री अकराला खोली ३४ अंशांवर असते, आणि रस्त्याची धूळ नको म्हणून खिडकी बंद ठेवली की आणखी वर. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे खोली ९ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापणार. म्हणून दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर आणा, कॅबिनेटच्या हवा आत घेणाऱ्या जाळीजवळ ठेवा आणि प्रोसेसरच्या आकड्यातून तो आकडा वजा करा. राहील ती वजाबाकी म्हणजे तुमच्या पेस्टचं आणि कूलरचं खरं प्रगतिपुस्तक.

सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी चाचणी अर्धा तास चालवून एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधली टीसीटीएल/टीडाय ही प्रोसेसरच्या तापमानाची ओळ बघितली. पांढरं कंपाउंड असताना खोली २६, प्रोसेसर ८५, फरक ५९. एमएक्स-४ लावल्यावर थंडीत खोली २५, प्रोसेसर ७७, फरक ५२. मे महिन्यात खोली ३४, प्रोसेसर ८६, फरक पुन्हा ५२! नुसता ८६ बघणारा माणूस ‘पेस्ट सुकली’ म्हणून नवी सिरिंज आणायला धावला असता. तेच जुनं कंपाउंड मे महिन्यात असतं तर हिशेबाने ९३ झाले असते, आणि ५६०० ची मर्यादा ९० आहे. म्हणजे प्रोसेसर स्वतःच वेग (क्लॉक) कमी करणार, रेंडर रेंगाळणार. मशीन रिकामं (आयडल) असतानाचा आकडा पाहूच नका. रायझन ब्राउझर उघडला तरी क्षणभर उसळी घेतो, त्यावरून काहीही कळत नाही.

पाकिटावरच्या वॅट प्रति मीटर-केल्विनच्या, म्हणजे उष्णता किती वाहते त्याच्या, आकड्यांवर तर मुळीच जाऊ नका. एमएक्स-४ वर ८.५ लिहिलेलं, क्रायोनॉट या दुसऱ्या पेस्टवर १२.५. मोजायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि प्रत्यक्षात थर किती पातळ बसतो यावर जास्त अवलंबून असतं. आर्क्टिकने एमएक्स-६ या पुढच्या पेस्टला हा आकडा देणंच बंद केलं, ते बरं केलं. ६५ वॅट वर्गातल्या प्रोसेसरवर (५६०० त्यातलाच, पूर्ण लोडला ७५-७६ घेतो) दोन चांगल्या पेस्टमध्ये एक-दोन अंश, फार तर तीन. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजायची माझी तयारी नाही.

कूलर काढताना एएम४ वाल्यांनी (एएमडीचं हे सॉकेट, ५६०० यातच बसतो) सांभाळा. पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटचा खटका बंद असला तरी चिकटलेल्या कूलरबरोबर प्रोसेसर उपटून येतो. आधी दहा मिनिटं पूर्ण लोड देऊन पेस्ट मऊ करा, मशीन बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवा. सरळ वर ओढलात तर वाकलेल्या पिना सुईने सरळ करत बसाल. कॅबिनेट आडवं ठेवा, नाहीतर चारही स्क्रू सुटल्यावर मागची बॅकप्लेट खाली पडते.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ‘आयपीए’ मागितलं की मिळतं. केमिस्टकडचं ७० टक्क्यांचंही चालतं, फक्त पूर्ण वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको. जुन्या बनियनचे धागे राहतात, चष्म्याचं कापड उत्तम. आणि हातासरशी पंखा बोटाने धरून कूलरच्या फिन्समधली (धातूच्या पातळ पट्ट्यांमधली) धूळ उडवा. घोडबंदरवर निम्म्या तक्रारी पेस्टच्या नसून या धुळीच्या असतात.

किती लावायची? एएम४ चा प्रोसेसर ४० बाय ४० मिमी. पाव मिलिग्रॅमचा काटा नको, तुरीच्या अख्ख्या दाण्याएवढा ठिपका मध्यभागी आणि चार कोपऱ्यांकडे बारीक चार ठिपके. ५६०० मध्ये कोअरची चिप मधोमध नसून एका बाजूला असते, म्हणून कडेपर्यंत पसरणं गरजेचं. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचा प्रोसेसर लांबट, ३७.५ बाय ४५ मिमी. तिथे फुलीसारख्या दोन रेघा बऱ्या. बोटाने किंवा कार्डाने पसरवू नका, दाबाने आपोआप पसरते. एका वेळेला साधारण पाव ते तीन दशांश ग्रॅम जाते, म्हणजे ४ ग्रॅममध्ये बारा-चौदा वेळा सहज. एक ग्रॅमची पुडी घेणं म्हणूनच मला पटत नाही.

स्क्रू समोरासमोरचे, दोन-दोन वेढे, आळीपाळीने, अडेपर्यंत. पेस्ट नीट बसली का ते बघायला पुन्हा उघडलंत तर दोन्ही बाजू पुसून नव्याने लावा, तशीच परत दाबली तर हवेचे बुडबुडे अडकतात. एमएक्स-४ मधून वीज वाहत नाही, त्यामुळे कडेने थोडी बाहेर आली तर शॉर्टची भीती नाही. लिक्विड मेटलचं, म्हणजे पेस्टऐवजी लावायच्या गॅलियमच्या पातळ धातूचं, नाव मात्र स्टेल्थजवळ काढू नका. तळ ॲल्युमिनियमचा आहे आणि गॅलियम ॲल्युमिनियम खातं.

मे महिन्याचे आकडे सोडले तर इथपर्यंतचं थंडीत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘घरातल्या सगळ्या मशीनना हीच सिरिंज’ असा शेरा होता. तो मागे घेतो. मे महिन्याच्या उकाड्यात बायोसमधला (मदरबोर्डच्या सेटिंगमधला) प्रोसेसरची वीज कमी करणारा ४५ वॅटचा इको मोड लावला आणि फरक ५२ वरून चाळिशीत आला. कुठलीच पेस्ट हे करू शकत नाही, आणि पैसे शून्य. रेंडरला थोडा जास्त वेळ, गेमला जवळजवळ काही नाही.

दुसरं, लॅपटॉप. तिथे प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं, चिप उघडी असते आणि सारखी तापते-निवते, त्यामुळे पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. लॅपटॉपसाठी हनीवेलचं पीटीएम७९५० हे फेज चेंज पॅड घ्यावं, महाग असलं तरी. साधारण ४५ अंशांना मऊ होतं आणि जागेवर राहतं. चिपच्या मापाचं कापा, दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे प्लॅस्टिक न फाटता सुटतं. लगेच आकडे मोजू नका, चार-पाच वेळा तापून निवू दे.

उरलेली सिरिंज टोपण घट्ट लावून कपाटात ठेवा, गॅसजवळच्या खणात नाही. पुढच्या वेळी आधी थेंबभर कागदावर काढून बघा. नुसतं तेल आलं तर ते पुसून टाका, मग लावा.