मसणात कुत्रा फिरवण्याची वर्गणी

खंडूला रोज सकाळी काँग्रेशनल सेमेटरीत फिरायला नेतो, असं आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, मसणात? घरी आल्यावर आंघोळ तरी करतोस ना?" करतो. ऑफिसला जायचं असतं म्हणून.

वॉशिंग्टनच्या आग्नेय भागातली, अ‍ॅनाकोस्टिया नदीकाठची ही १८०७ सालची दफनभूमी. सुमारे ३५ एकर. मधल्या काळात तिची पार दशा झाली होती. छातीएवढं गवत, कलंडलेले दगड, कडेला नशेबाजांचे अड्डे. १९७६ मध्ये जतनासाठी संस्था उभी राहिली, तरी १९९७ मध्ये देशातल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या ११ वारसास्थळांच्या यादीत हिचं नाव आलंच. ती तगली त्यात मोठा वाटा आसपासच्या कुत्रेवाल्यांचा. ते रोज येत राहिले, गवत कापायला पैसे काढत राहिले.

त्याचीच आता रीतसर योजना झाली आहे. वर्षाची वर्गणी, वर दर कुत्र्यामागे वेगळे पैसे. फी स्वस्त नाही, आणि प्रतीक्षायादी आपल्याकडच्या चांगल्या शाळेतल्या बालवाडीसारखी. पण एकदा नंबर लागला की कुंपणाच्या आत पट्टा सोडायचा आणि खंडू सुसाट. दफनविधी असेल तेव्हा कुत्र्यांना मज्जाव, हे योग्यच. घाण आपली आपण उचलायची.

मागच्या उन्हाळ्यात आई आली तेव्हा तिलाही नेलं. सरकारी बोजड चौथऱ्यांच्या रांगा बघून तिनं नाक मुरडलं. खासदारांच्या नावानं उभारलेले हे दगड. खाली बहुतेक ठिकाणी कोणी पुरलेलंच नाही. ह्यांच्याखाली झोपायचं म्हणजे मरणाची भीती आणखी वाढते, अशा अर्थाचं होर नावाचे एक खासदारच एकोणिसाव्या शतकात बोलून गेले होते. आईला ते फार पटलं.

मग तिचा खरा प्रश्न. "पैसे देता, तर नाव कुठं लावतात?" तिच्या डोळ्यांसमोर आमच्या गावच्या देवळातले पंखे, पात्यापात्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेले. वीज नसली की नावं नीट वाचता येतात. मी खंडूच्या गळ्यातला बिल्ला दाखवला. म्हणाली, "म्हणजे देणगीदार हा?" मला तर हाच हिशेब आवडतो. संगमरवरावर नाव कोरून जाणारा पुन्हा फिरकेलच असं नाही. वर्गणीवाला पावसातही येतो, आणि कुठला दगड कलला ते त्यालाच आधी दिसतं.

२०१३ मध्ये तर झाडांवर चढलेल्या वेली खायला इथं शेळ्या सोडल्या होत्या. हे ऐकल्यावर आईचं जागेबद्दलचं मत एकदम सुधारलं.

बँडच्या संचलन-धुनांसाठी प्रसिद्ध असलेला संगीतकार सूसा, त्याच्या थडग्यावर कोरलेल्या स्वरलिपीपाशी ती जरा टेकली. एफबीआयचा जुना प्रमुख जे. एडगर हूवर, त्याला ओलांडून गेली. थांबली ती लेनर्ड मॅटलोविचच्या काळ्या दगडापाशी. मुख्य दगडावर नाव नाही, 'व्हिएतनाम युद्धातला समलिंगी सैनिक' एवढी ओळख, आणि हा मजकूर: लष्करात असताना दोन माणसं मारली म्हणून मला पदक दिलं, आणि एकावर प्रेम केलं म्हणून काढून टाकलं. मी मराठीत सांगितलं. तिनं पुन्हा सांगायला लावलं. मग काही न बोलता पदर सावरून पुढे चालू लागली.

घरी आल्यावर दारातच फर्मान: आधी मी आंघोळीला, मग खंडू.